टाइपरायटरपासून कॉम्प्युटरपर्यंत : ग्राहक कोण?



आपल्या गटांतल्या कितीतरी जणी आता घरच्या कॉम्प्युटरवर कमाई करतात. कुणी ऑनलाइन फॉर्म भरून देते, कुणी टायपिंग करते. तो कॉम्प्युटर वर्षाच्या आतच बिघडला, की दुकानदार म्हणतो, ''ताई, तुम्ही तो धंद्याला वापरला. तुम्ही ग्राहक कुठे?'' एवढं ऐकून पुष्कळ जणी गप्प बसतात आणि पदरच्या पैशाने दुरुस्ती करून घेतात. या वाक्याला कायद्यात उत्तर आहे. ते तयार व्हायला मात्र तीस वर्षं लागली.

सुरुवात बायकांनीच केली. १९६६ मध्ये मुंबईत लीला जोग आणि इतर गृहिणींनी कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था काढली. १९७२ मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर हजारो बायका महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली. पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. तिथे काही कुटुंबं मिळून एक संघ करायची आणि महिन्याचा माल एकत्र घ्यायची. आपल्या बचत गटासारखंच की!

२४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. म्हणून त्या दिवशी आपण राष्ट्रीय ग्राहक दिन पाळतो. पण या कायद्यात एक खाच होती. पुन्हा विकण्यासाठी किंवा व्यापारासाठी वस्तू घेणारा 'ग्राहक' धरला जात नसे. मग शिवणयंत्रावर पोट भरणारी बाई कोण? व्यापारी?

१९९३ च्या दुरुस्तीने ही खाच बुजवली. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीच वस्तू घेतली असेल, तर घेणारा ग्राहकच, असं कायद्यात लिहिलं गेलं. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात त्याचा अर्थ उलगडला. वाद होता कॉम्प्युटरवर चालणाऱ्या एका सदोष यंत्राचा. यंत्र मोठ्या व्यवसायासाठी घेतलं होतं, म्हणून तक्रार करणारा कारखाना हरला. पण निकालात टाइपरायटरचं उदाहरण आलं. पोटासाठी स्वतः बसून दुसऱ्यांचं टायपिंग करणारा ग्राहकच आहे. हाताखाली एकदोन मदतनीस असले तरी बिघडत नाही. मात्र यंत्र घेऊन ते पूर्णपणे दुसऱ्याच्याच हाती चालवायला दिलं, तर तो ग्राहक राहत नाही.

टाइपरायटरच्या जागी आज आपला कॉम्प्युटर ठेवा. म्हणजे प्रश्न एवढाच, की त्यावर बसतं कोण? तुम्ही की पगारी माणूस?

२०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. पूर्वी तक्रार विक्रेत्याच्या किंवा कंपनीच्या गावी, नाहीतर व्यवहार झाला त्या ठिकाणी करावी लागे. आता आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. कंपनी बंगळूरची असली, तरी मालेगावच्या बाईला नाशिकच्या जिल्हा आयोगात दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही. मुदत दोन वर्षांची. दोष ठरला, तर आयोग दुरुस्ती, बदली वस्तू किंवा पैसे परत देण्याचा हुकूम करू शकतो.

पण आयोगापुढे बोलतो तो कागद. म्हणून पक्कं बिल घ्या आणि वॉरंटी कार्डावरच्या अटी दुकानातच वाचा. कस्टमर केअरला फोन केला, की तक्रार क्रमांक आणि तारीख गटाच्या वहीत लिहा. मशीन सर्व्हिस सेंटरला दिलं, तर बिघाड लिहिलेली पोच घेतल्याशिवाय उठू नका. तरीही दाद लागली नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. तिथेही काम झालं नाही, तर आयोग आहेच.

पुढच्या वेळी कुणी म्हणालं, ''तुम्ही ग्राहक कुठे?'', तर शांतपणे सांगा, ''या कॉम्प्युटरवर मी स्वतः बसते, आणि त्यावरच माझं घर चालतं.''