‘पेशी आपल्याच’ म्हणून निर्धास्त?

रेटिनायटिस पिगमेंटोसा या दृष्टिपटलाच्या आजाराने नजर जाऊ लागली की फरीदाबादेत काय नि नागपुरात काय, एक सल्ला हमखास कानावर येतो : स्टेम सेलचं (मूलपेशींचं) इंजेक्शन घ्या, पेशी आपल्याच, गुण आला नाही तरी अपाय नाही.

या म्हणण्याला आधार नाही असं नाही. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत मूलपेशींच्या रोपणाने भाजलेल्या डोळ्यांना दृष्टी आली, डॉ. वीरेंद्र सांगवान आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये त्याची सोपी पद्धतही मांडली. पण तिथे पारपटलाच्या कडेची पेशी पारपटलावरच लावतात. दृष्टिपटल म्हणजे मज्जातंतूंचं जाळं. पोटाच्या चरबीतून काढलेली पेशी डोळ्यात सोडली म्हणून तिथली प्रकाशग्राही पेशी होत नाही.

आणि अपाय? अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका क्लिनिकने तीन वृद्ध स्त्रियांच्या दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी त्यांच्याच चरबीतल्या पेशी सोडल्या. प्रत्येकीकडून 5000 डॉलर घेतले. तिघींनाही आधी बऱ्यापैकी दिसत होतं. नंतर दृष्टिपटलं सुटली, एकीला तर उजेडही कळेना. 2017 मध्ये हे प्रसिद्ध झालं. ‘नजर जाणारच आहे, मग गमवायचं काय?’ या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. दाराची चौकट कळण्याइतकी नजर असणं आणि पूर्ण अंधार यांत फार मोठं अंतर आहे, आणि ते अंधूक दिसणाऱ्यालाच ठाऊक असतं.

जपानमध्ये 2014 साली मासायो ताकाहाशी यांच्या चमूने रुग्णाच्या त्वचेपासून दृष्टिपटलाखालच्या रंगद्रव्य-पेशींचा थर बनवून बसवला. वर्षभराने नजर सुधारली नव्हती, ढासळलीही नव्हती. दुसऱ्या रुग्णाच्या पेशींत जनुकीय बदल दिसले, तेव्हा शस्त्रक्रियाच थांबवली. त्याही पेशी त्याच्या स्वतःच्याच होत्या! ही खबरदारी मला त्या पहिल्या शस्त्रक्रियेइतकीच मोलाची वाटते.

म्हणून मूलपेशींची आशा सोडावी असं नाही. बंगळुरूच्या आयस्टेम कंपनीने अशाच रंगद्रव्य-पेशींच्या चाचण्या हाती घेतल्या आहेत. फरीदाबादेतली टीएचएसटीआय ही संशोधन संस्था प्रयोगशाळेतलं ज्ञान रुग्णापर्यंत नेण्यासाठीच उभी आहे, आणि ती वाट चाचणीतूनच जाते. आयसीएमआरची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत : रक्ताच्या ठरावीक आजारांसारखे मान्य उपयोग सोडले, तर मूलपेशींचा वापर फक्त चाचणीत. चाचणीची नोंद सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीत असते, ती कुणालाही पाहता येते. जो डॉक्टर नोंदणी क्रमांक न देता पैशांचा आकडा सांगतो, त्याच्या दारातून सरळ परत फिरावं.