ओंडका आऱ्याकडे की आरा ओंडक्याकडे?

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोघातिघांनी फोन करून विचारलं, की सर, तत्त्वज्ञानाच्या माणसाचं लाकडाच्या वखारीत काय काम? त्यांना आम्ही एवढंच सांगितलं की ज्याला आपण 'द्रव्य' म्हणतो, म्हणजे ज्यापासून वस्तू घडते ते, त्यासाठी अ‍ॅरिस्टॉटलने जो शब्द घेतला तो 'ह्यूले'. ग्रीक भाषेत त्याचा साधा अर्थ रान, लाकूड. म्हणजे तत्त्वज्ञान वखारीतूनच निघालंय, आम्ही फक्त परत चाललोय.

खरं कारण मात्र वेगळं आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ कोकणच्या किनाऱ्यावर आलं. दापोली तालुक्यातल्या आमच्या वाडीत आजोबांनी लावलेला फणस आडवा झाला. घेर सहा फूट, सरळ खोड दहा फूट. वखारीतला हिशेब तुम्हाला ठाऊक असेल: घेराला चाराने भागायचं, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचं. दीडचा वर्ग सव्वादोन, गुणिले दहा, म्हणजे साडेबावीस घनफूट लाकूड. फणसाचं पिवळं लाकूड, दारं-खिडक्या करायला उत्तम. पण आरागिरणी तीस-पस्तीस किलोमीटरवर, वाडीपर्यंत ट्रक येईना, आणि अर्ध्या टनावरचा ओला ओंडका माणसांनी उचलून पाखाडी चढवणार कोण? शेवटी चेनसॉवाला आला, त्याने तुकडे केले, आणि ते जळणाच्या भावाने गेले. आम्ही पाहत उभे होतो. गावात त्या आठवड्यात असे आंबे, फणस, साग किती गेले त्याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

तेव्हापासून हा प्रश्न डोक्यात आहे. ओंडका आऱ्याकडे न्यायचा, की आरा ओंडक्याकडे आणायचा? हा प्रश्न माणसाने पूर्वी कधी कसा सोडवला?

गंमत अशी की सुरुवातीला हा प्रश्नच नव्हता. आरा नेहमीच ओंडक्याकडे जात असे. खड्डा खणायचा किंवा घोड्यावर ओंडका चढवायचा, एक माणूस वर, एक खाली, मध्ये लांब पात्याचा करवत. वरचा माणूस रेघ सांभाळतो, खालच्याच्या डोळ्यांत भुसा जातो. भारतात काय, युरोपात काय, ही जोडी सारखीच. आमच्या लहानपणी गावात घर बांधायचं ठरलं की अशी जोडी येऊन महिना महिना मुक्काम करी. फिरती आरागिरणी म्हणतात ती हीच, फक्त इंजिनाच्या जागी दोन माणसं.

आरा एका जागी बसला तो पाण्यामुळे आणि वाऱ्यामुळे. तुर्कस्तानातल्या हिरापोलिस इथे तिसऱ्या शतकातल्या एका दगडी शवपेटीवर पाणचक्कीने चालणाऱ्या करवतींचं चित्र कोरलेलं आहे. त्या बहुधा दगड कापणाऱ्या होत्या, पण चाकाची फिरती गती करवतीच्या मागेपुढे होणाऱ्या गतीत बदलण्याची युक्ती तिथे आहे. हीच युक्ती हॉलंडमधल्या कॉर्नेलिस कॉर्नेलिसझून या शेतकऱ्याने पवनचक्कीला जोडली आणि १५९४ मध्ये वाऱ्यावर चालणारी आरागिरणी उभी केली. आणि बरं का, त्याची ती पहिली गिरणी तराफ्यावर होती! पुढे झान नदीच्या काठी अशा शेकडो गिरण्या झाल्या आणि डच जहाजं स्वस्तात, झपाट्याने बांधली जाऊ लागली. ज्या जहाजांनी पूर्वेचा व्यापार काबीज केला त्यांच्या फळ्या या आऱ्यांवर निघालेल्या आहेत.

इंग्लंडमध्ये मात्र उलट झालं. तिथल्या करवतकाम करणाऱ्यांना यंत्र म्हणजे पोटावर पाय वाटला. लंडनजवळ लाइमहाउस इथे चार्ल्स डिंगली याने पवनचक्कीची आरागिरणी उभारली, ती १० मे १७६८ रोजी जमावाने मोडून टाकली. पुढच्याच वर्षी पार्लमेंटने गिरणी मोडणं हा गंभीर गुन्हा ठरवणारा कायदा केला. त्या जमावाला अडाणी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण खड्ड्यात उभं राहून वीस वर्षं डोळ्यांत भुसा घेतलेल्या माणसाला दुसरं काम कोणतं, याचं उत्तर त्या कायद्यात नव्हतं.

आता अमेरिकेकडे वळू, कारण आमचा खरा दृष्टांत तिथला आहे. ईशान्य अमेरिकेत, न्यू इंग्लंड म्हणतात त्या भागात, वसाहतवाल्यांनी १६३० च्या दशकातच पाण्यावरच्या आरागिरण्या बसवल्या. इंग्लंडमध्ये माणसं भरपूर आणि जंगल थोडं, इथे जंगल अफाट आणि मजूर महाग. म्हणून यंत्राला इथे कोणी हात लावला नाही. पण पाण्याची गिरणी ओढ्याला बांधलेली. भोवतालचं लाकूड संपलं की ओंडके लांबून आणावे लागत.

ही बांधिलकी सुटली ती गोल पात्यामुळे आणि वाफेमुळे. गोल पात्याबद्दल एक कथा सांगतात. टॅबिथा बॅबिट नावाची शेकर पंथातली एक बाई दोघा पुरुषांना करवत ओढताना पाहत होती. तिच्या लक्षात आलं की करवत जाताना कापतो, येताना नुसता येतो, म्हणजे निम्मी मेहनत वाया. तिने चरख्याला पत्र्याची चकती लावून पाहिली आणि गोल आरा जन्मला. कथा फार गोड आहे. पण इंग्लंडमध्ये सॅम्युएल मिलरने १७७७ मध्येच गोल करवतीचं पेटंट घेतलेलं आहे, त्यामुळे श्रेय एकट्या टॅबिथाबाईंना देता येत नाही. 'निम्मी हालचाल वाया जाते' हे निरीक्षण मात्र खरं आहे, मग ते कोणी का केलं असेना.

गोल आरा आणि वाफेचं इंजिन बैलांच्या किंवा घोड्यांच्या बळावर रानात नेता येऊ लागलं. न्यू इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात पुष्कळ शेतकरी शेतं टाकून पश्चिमेकडे किंवा गिरण्यांच्या शहरांत गेले. त्या पडीक शेतांत पांढऱ्या पाइनची रानं आपोआप उगवली. शतकाच्या अखेरीस ती कापण्याजोगी झाली आणि फिरत्या आरागिरण्या त्यांच्यामागे फिरू लागल्या. ओढ्याजवळ तळ ठोकायचा, बॉयलरला पाणी तिथलंच, जळण म्हणजे ओंडक्याच्या कडेच्या साली-सकट निघणाऱ्या फाकी, विकत काहीच आणायचं नाही. काही महिन्यांत रान संपलं की मुक्काम हलला. मागे राहायचा तो भुशाचा ढीग. या फळ्यांच्या मुख्यतः खोकी होत, त्यामुळे जाडीत थोडं उणं-अधिक चाललं. फिरत्या गिरणीची फळी एका टोकाला जाड, दुसऱ्याला बारीक, हा आक्षेप तेव्हापासूनचा आहे, आणि तो बराचसा रास्त आहे. दर मुक्कामाला यंत्र पुन्हा समपातळीत बसवणं हे कसबाचं काम, घाईत ते नीट होत नाही.

आणि मग २१ सप्टेंबर १९३८. त्या दिवशी न्यू इंग्लंडवर महाभयंकर चक्रीवादळ आलं. सहाशेहून जास्त माणसं मेली. आणि एका दुपारीत सुमारे अडीच अब्ज बोर्डफूट लाकूड आडवं झालं. बोर्डफूट म्हणजे एक फूट लांब, एक फूट रुंद, एक इंच जाड. असे बारा म्हणजे आपला एक घनफूट. बहुतेक झाडं तीच, पडीक शेतांत वाढलेली पांढरी पाइन, आणि मालक लहान शेतकरी. कुणाच्या मुलीच्या शिक्षणाचे, कुणाच्या म्हातारपणाचे पैसे त्या झाडांत होते.

आता हे बघा, आपल्या फणसाचा प्रश्न तिथे हजारो पटींनी उभा राहिला. पडलेला पाइन उन्हाळा लागला की निळा पडतो, बुरशी धरते, किडे शिरतात. वाळलेल्या फांद्यांना आग लागली तर जिल्हे जळतील. सगळ्यांनी एकदम विकायला काढलं तर भाव मातीमोल. नुसत्या फिरत्या गिरण्या हे याचं उत्तर नव्हतं, हे आम्हाला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचं वाटतं. गिरण्या होत्याच. त्या एका हंगामात एवढं कापू शकत नव्हत्या आणि कापलेलं कोणी घेणार नव्हतं.

तिथल्या सरकारने वनखात्यामार्फत ईशान्य लाकूड-बचाव प्रशासन अशी एक यंत्रणा उभी केली. तिने ओंडके प्रतवारी करून ठरल्या भावाने विकत घेतले आणि तळ्यांत टाकले. हो, पाण्यात! बुडालेल्या लाकडाला हवा मिळत नाही, म्हणून बुरशी वाढत नाही, किडा लागत नाही. मग तळ्यांच्या आणि वखारींच्या काठी फिरत्या गिरण्या कंत्राटाने बसवल्या आणि सवडीने कापलं. ओंडका थोडा चालला, आराही थोडा चालला, आणि मध्ये एका तळ्यावर दोघांची गाठ पडली. पडलेल्यापैकी जेमतेम पाव भाग लाकूड असं वाचलं, पण ते कोट्यवधी बोर्डफुटांत होतं.

पुढे युद्ध आलं. न्यू हॅम्पशायर राज्यात काँकॉर्डजवळच्या टर्की पाँड या तळ्यात सुमारे १ कोटी २० लाख बोर्डफूट, म्हणजे आपले १० लाख घनफूट, पाइनचे ओंडके पडून होते. लाकूड हवं होतं, पुरुष मिळत नव्हते. तेव्हा १९४२ साली वनखात्याने तिथे एक आरागिरणी उभी केली आणि ती बायकांनी चालवली. शेतावरच्या, घर सांभाळणाऱ्या बायका. लांब काठ्यांनी ओंडके हाकत आणायचे, हिवाळ्यात आधी बर्फ फोडायचा, फळ्यांची प्रत लावायची, थप्प्या रचायच्या. १९४३ च्या अखेरीपर्यंत तळं रिकामं झालं. टॅबिथाबाईंची कथा खरी असो-नसो, या बायका खऱ्या आहेत.

आज कोणी फिरती आरागिरणी घ्यायची म्हटली तर तिघींतून निवड करावी लागते. एक, चेनसॉला चौकट लावून फळ्या पाडणं. स्वस्त, एका माणसाच्या खांद्यावर जाईल अशी, पण प्रत्येक कापाला नऊ-दहा मिलिमीटर लाकडाचा भुसा होतो आणि कंबर मोडते. दुसरी, गोल पात्याची. यातला आडव्याचं उभं होणारं पातं असलेला प्रकार ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडे रुळला, कारण तिथल्या अवाढव्य ओंडक्याला न हलवता त्याच्याभोवतीच चौकट उभारता येते. आमच्या पाखाडीखालच्या फणसाला खरं तर हीच योग्य. तिसरी, बँडसॉ, पट्टीच्या पात्याची. हिचं पेटंट विल्यम न्यूबेरीने १८०८ मध्ये घेतलं, पण पट्टी सांध्यावर तुटे. फ्रान्समध्ये अ‍ॅन पॉलीन क्रेपँ या बाईंनी १८४६ मध्ये सांधा जोडण्याची रीत बसवली तेव्हा कुठे ती चालू लागली. पुढे अमेरिकेत १९८० च्या दशकात ती चाकांवर चढली आणि शेतकऱ्याच्या दारात आली.

फरक किती पडतो? एक फूट, म्हणजे धरा ३०० मिलिमीटर, जाडीचा चौरस ओंडका घ्या आणि त्याच्या २५ मिलिमीटरच्या फळ्या पाडा. गोल पातं प्रत्येक कापाला ६ मिलिमीटर खातं, फळ्या निघतील ९. बँडसॉ २ मिलिमीटर खातो, फळ्या निघतील ११. दोन फळ्या भुशात जाण्याऐवजी हातात आल्या. पण ओंडक्यात खिळा निघाला तर बँडसॉची पातळ पट्टी तिथल्या तिथे जाते. गोल पात्याचे दात बदलता येतात. ही सोयही कॅलिफोर्नियात १८६० च्या दशकातली, नेथन स्पॉल्डिंगची. परसातल्या झाडांत खिळे, कड्या, तारा हमखास असतात, हे घेणाऱ्याने लक्षात ठेवावं.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे. १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन खटल्यातल्या आदेशापासून सर्वोच्च न्यायालयाने आरागिरण्यांवर कडक नियंत्रण आणलं, आणि परवान्याशिवाय आरागिरणी चालवता येत नाही. जंगलं ज्या वेगाने कापली जात होती ते पाहता तो आदेश योग्यच होता असं आमचं मत आहे. फिरती गिरणी म्हणजे चोराच्या हाती आयता आरा, ही वनखात्याची भीतीही खोटी नाही. पण वादळात पडलेलं झाड कोणी चोरून तोडलेलं नसतं. पंचनामा करणारा तलाठी झाडं मोजतोच. त्याच यादीवर, ठरावीक महिन्यांपुरती, वनखात्याच्याच देखरेखीखाली तालुक्याला एखादी गिरणी फिरवता येईल का, आणि गावच्या तळ्यात ओंडके ठेवता येतील का, हे कोणीतरी करून पाहायला हवं. ओंडक्याला फळीचा भाव मिळायचा तर खरेदीदारही आधी ठरलेला हवा, नाहीतर नुसती गिरणी येऊन जाईल.

आमच्या फणसाचा एक तीन फुटी तुकडा चेनसॉवाल्याने सोडून दिला होता. त्यात झोपाळ्याची लोखंडी कडी आत गेलेली आहे, झाडाने तिच्यावर साल चढवून घेतली होती. दोन्ही टोकांना तेलरंग लावून तो आम्ही पडवीत ठेवलाय. मध्यंतरी वखारवाल्याला दाखवला. त्याने बोटाने ठोकून पाहिलं आणि म्हणाला, "लाकूड सोनं आहे सर, पण आमच्या पात्याला नको." तर तो अजून तिथेच आहे. चला, आता प्रश्न घेऊ या.