होडी पाण्यात पडण्याआधी

मंडळी, या विकांताचा विषय जरा ओला आहे. विषय आहे होडीचा, आणि गाव आहे वारणानगर.

वारणानगर म्हटलं की बहुतेकांना दूध, श्रीखंड आणि साखर कारखाना आठवतो. तात्यासाहेब कोरे यांनी माळरानावर उभं केलेलं सहकाराचं गाव. आपल्या धंद्यातल्या जुन्या मंडळींना कदाचित १९९८ चा 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्पही आठवेल. वारणा खोऱ्यातल्या सत्तर गावांना संगणकाने जोडायचं, उसाच्या नोंदी आणि वजनाच्या पावत्या शेतकऱ्याला गावातच मिळाव्यात, अशी ती योजना होती. पण होडी? समुद्र तर सह्याद्रीच्या पलीकडे!

तर गंमत अशी की या भागात होडी समुद्रातून येत नाही. ती रस्त्याने येते. ट्रकवर, ट्रेलरवर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून. आणि ती येते तेव्हा परिस्थिती फार वाईट असते.

वारणा नदी चांदोलीकडून येते, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांच्या मधून वाहते आणि सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेला मिळते. पंचगंगा पुढे नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. या तिन्ही नद्या एकदम फुगल्या की पुढचं पाणी मागच्याला वाट देत नाही. पाणी आडवं पसरतं, उसात शिरतं, मग गावात शिरतं आणि दिवसेंदिवस हलत नाही. डोंगरातला पूर दोन तासांत येऊन जातो. आमच्याकडचा पूर मुक्कामाला येतो.

जेव्हा होडी पाण्यातच राहायची

पूर्वी होडी पाण्यात 'सोडण्याचा' वेगळा प्रश्नच नव्हता, कारण होडी पाण्यातच असायची. नदीकाठच्या गावाला उतार असायचा, उताराला नाव असायची आणि नावेला नावाडी. बाजार, सोयरीक, देवदर्शन, सगळं त्या नावेतून. कुठे भोवरा आहे, कुठल्या महिन्यात धार कुठून कापायची, किती माणसं घेतली की नाव 'जड' होते, हे नावाड्याला पाठ असायचं. हे ज्ञान कागदावर नव्हतं, हातात होतं.

नाव नसेल तिथे जुगाड. वाळलेल्या दुध्या भोपळ्यांची सांगड बांधायची. आणि खास आपल्या भागातला प्रकार म्हणजे काहील. गुऱ्हाळावर उसाचा रस आटवायची ती मोठी लोखंडी कढई. पुरात ती पाण्यात लोटायची आणि त्यात म्हातारी माणसं, पोरं बसवायची. हंपीकडे वेताचा गोल हरिगोल असतो ना, त्याचीच ही लोखंडी मावसबहीण म्हणा. काहिलीला पुढं-मागं नसतं, सुकाणू नसतं, आणि कुणी एका अंगाला झुकलं की खेळ खलास. तरी तिने जीव वाचवलेत, कारण ती गावात होती. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मग पूल आले. सांगलीचा आयर्विन पूल १९२९ चा. स्वातंत्र्यानंतर तर गावोगावी पूल आणि बंधारे झाले. चांगलंच झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण पूल आला की नाव जाते, आणि नाव गेली की दोन पिढ्यांत नावाडी जातो. आपल्या भाषेत सांगायचं तर नवीन सिस्टिम आली, जुनी बंद केली आणि तिचा बॅकअप कुणी घेतलाच नाही. वर्षातले तीनशे साठ दिवस काही बिघडत नाही. पूल पाण्याखाली जातो त्या पाच दिवसांत कळतं.

चाकांवरची होडी

२००५ च्या पावसाळ्यात ते कळलं. मुंबईची २६ जुलै सगळ्यांच्या लक्षात आहे, पण त्याच सुमारास कृष्णा-पंचगंगेचं खोरंही बुडालं होतं. त्याच वर्षाअखेर आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला आणि २००६ मध्ये राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, म्हणजे एनडीआरएफ, उभं राहिलं. महाराष्ट्रासाठीची पाचवी बटालियन पुण्याजवळ. म्हणजे आता कोल्हापुरातल्या पुरासाठी होडी पुण्याहून हायवेने येणार.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये तशी वेळ आली. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट. पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी ५७ फुटांच्या वर. आणि पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली, तोही दिवसचे दिवस. ज्या रस्त्याने होड्या यायच्या तोच रस्ता बुडाला! एनडीआरएफ, लष्कर, नौदल, तटरक्षक दल सगळे आले, काही पथकं हवाई मार्गाने आणावी लागली. प्रयाग चिखली, आंबेवाडी, शिरोळ तालुक्यातली गावं... हजारो माणसं होड्यांतून बाहेर काढली गेली.

होडी जमिनीवरून ओढत नेणं ही काही नवी कल्पना नाही. इंग्लंडच्या किनाऱ्यावर लाईफबोटी घोडे जोडलेल्या गाड्यावर ठेवलेल्या असायच्या. १२ जानेवारी १८९९ च्या रात्री लिनमथ गावाजवळच्या समुद्रात 'फॉरेस्ट हॉल' नावाचं जहाज वादळात सापडलं. लाटा इतक्या की गावच्या किनाऱ्यावरून होडी सोडणं अशक्य. तांडेल जॅक क्रोकोंब म्हणाला, तेरा मैलांवरच्या पोरलॉकच्या धक्क्यावरून सोडू. मग ती 'लुईझा' नावाची होडी शंभरेक माणसांनी आणि डझनाहून अधिक घोड्यांनी रात्रभर ओढत एका उभ्या डोंगरावरून नेली. पहाटे ती पाण्यात पडली आणि जहाजावरचे अठराही लोक वाचले.

या गोष्टीत सगळे घोड्यांचं आणि हिमतीचं कौतुक करतात. मला आवडतो तो वेगळाच तपशील. होडी निघण्याआधी काही माणसं कुदळ-फावडी घेऊन पुढे पाठवली होती, अरुंद रस्ता रुंद करायला. होडी अजून मागे होती आणि तिचं पाण्यात पडणं पुढे सुरू झालं होतं!

पाण्याच्या काठावरची अर्धा तास

आता जरा तांत्रिक. ट्रेलरवरची होडी पाण्यात सोडायची म्हणजे नेमकं काय करायचं? जगभरात यावर एकमत आहे की उतारावर गेल्यावर तयारी करायची नाही. तयारी मागे, सपाट आणि कोरड्या जागेवर. उतार एकच असतो. तिथे तुम्ही दोर सोडवत बसलात तर मागची होडी खोळंबते, आणि पुरात खोळंबणारी होडी म्हणजे कुठल्यातरी छपरावर थांबलेलं कुटुंब.

१. बूच. होडीच्या तळाशी, मागच्या बाजूला, साचलेलं पाणी काढायला भोक असतं. प्रवासात ते उघडं ठेवतात. पाण्यात सोडण्याआधी बूच बसवलं नाही तर होडी खालून भरत जाते. इतकी साधी गोष्ट, आणि सगळ्यात जास्त विसरली जाणारी.

२. दोर. मागचे, बाजूचे आवळपट्टे आधी सोडायचे, पण नाकाडाचा विंचचा दोर पाण्याला टेकेपर्यंत सोडायचा नाही. नाहीतर होडी उतारावरच डांबरावर घसरते. शिवाय एक लांब दोर नाकाडाला बांधून काठावरच्या माणसाच्या हातात. विंच सुटला तरी होडी कुणाच्या तरी हातात पाहिजे.

३. चाकं. लांबून आलेल्या ट्रेलरच्या बेअरिंग तापलेल्या असतात. तशाच गार पाण्यात बुडवल्या की आतली हवा आकसते, पाणी आत ओढलं जातं आणि ग्रीसची वाट लागते. थोडं थांबायचं. ट्रेलरच्या दिव्यांची वायरही काढून घ्यायची.

४. इंजिन. मागचं इंजिन वर उचललेलं पाहिजे, नाहीतर पंखा रस्त्यावर घासतो. पेट्रोलची नळी, हाताने दाबायचा फुगा, बॅटरी हे सगळं कोरड्यावर तपासायचं. इंजिन बंद करणारी दोरी चालवणाऱ्याच्या अंगाला बांधलेली हवी. तो पाण्यात पडला तर इंजिन आपोआप बंद.

५. माणसं. ट्रेलर मागे घेणारा एक आणि त्याला आरशात दिसेल असा उभा राहून इशारे करणारा एकच. दहा जण "आणा, आणा, बस्स, बस्स" करायला लागले की गाडीही पाण्यात. चालवणाऱ्याने काचा खाली आणि पट्टा सोडलेला ठेवायचा. गाडी थांबली की चाकांमागे दगड.

आपल्याकडे पुरात येणाऱ्या बऱ्याच होड्या रबरी, फुगवायच्या असतात. त्यांना ट्रेलर लागत नाही, पण यादी तेवढीच लांब. हवा सगळ्या कप्प्यांत आहे का, तळाच्या फळ्या नीट बसल्यात का, इंजिन फळीला साखळीने बांधलंय का. आणि पुरात धक्का तरी कुठला? रस्ता जिथे पाण्यात शिरतो तोच उतार. त्या पाण्याखाली काय आहे ते गावकऱ्यालाच माहीत: कुंपणाची तार, विहिरीचा कठडा, उभा ऊस, विजेची लोंबती वायर. म्हणून जवान कितीही तरबेज असले तरी पहिल्या होडीत गावातला एक माणूस लागतो. जुना नावाडी असाच परत येतो बघा, वाटाड्या म्हणून.

ही यादी वाचून "एवढं काय त्यात" असं वाटतं. ३० ऑक्टोबर १९३५ ला अमेरिकेत बोईंगचं मॉडेल २९९ हे नवंकोरं बॉम्बर विमान चाचणीत कोसळलं. वैमानिक अत्यंत अनुभवी होता. वाऱ्याने पंख-शेपटीच्या फळ्या हलू नयेत म्हणून जमिनीवर लावायचं कुलूप उड्डाणाआधी काढायचं राहिलं, बस इतकंच. त्यातूनच वैमानिकांची चेकलिस्ट रूढ झाली. होडीचं बूच आणि ते कुलूप, जात एकच. अवघड म्हणून नाही, सोपं म्हणून राहून जाणारं काम.

ब्रह्मनाळ

आणि आता ते, ज्याच्याशिवाय हा लेख लिहिण्यात अर्थ नाही.

८ ऑगस्ट २०१९. पलूस तालुक्यातलं ब्रह्मनाळ, कृष्णा आणि येरळेच्या संगमावरचं गाव. चहूकडून पाणी. गावातून माणसं बाहेर काढणारी होडी उलटली. होडी ग्रामपंचायतीची होती, आत तीसेक माणसं होती, सगळ्यांना पुरतील इतकी लाईफ जॅकेट्स नव्हती. सतरा जण गेले, त्यात बायका आणि लहान मुलं जास्त.

इथे कुणा एकाकडे बोट दाखवणं सोपं आहे, आणि मला ते करायचं नाही. दोन दिवस पाण्यात अडकलेल्या आईला "ही फेरी भरली, पुढच्या फेरीला ये" असं कोण सांगणार? पुढची फेरी येईल याची खात्री कुणाला? त्या क्षणी काठावर उभं राहून नियम पाळणं माणसाला जमत नाही. म्हणूनच तो निर्णय त्या क्षणावर सोडायचा नसतो.

सॅम्युअल प्लिमसॉलने इंग्लंडच्या संसदेत भांडून १८७६ च्या कायद्यात जहाजाच्या बाहेर भाररेषा रंगवणं सक्तीचं करून घेतलं. रेष पाण्याखाली गेली की भार जास्त. वाद संपला. कप्तानाला कुणाला 'नाही' म्हणावं लागत नाही, रेष म्हणते. आपल्याकडे १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. होडीवर किती माणसं, हा प्रश्न धक्क्यावर सुटतो. पाण्यात फक्त त्याचं उत्तर मिळतं.

काहिलीचा मुद्दा लक्षात ठेवा म्हटलं होतं ना, तो इथे. काहील वाईट होडी होती, पण गावात होती आणि ती वापरणारा तिला ओळखत होता. आधुनिक होडी चांगली आहे, पण ती गावात पोचली आणि तिच्याबरोबर नावाडी, रेष आणि यादी पोचली नाही, तर ती काहिलीपेक्षा धोक्याची. कारण काहिलीत बसताना माणूस घाबरतो. इंजिनाच्या होडीत बसताना त्याला वाटतं, सुटलो.

२०२१

दोन वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, राजाराम बंधाऱ्यावर पाणी २०१९ पेक्षाही वर गेलं, ५६ फुटांच्या पुढे. महामार्ग पुन्हा बुडाला. पण या वेळी अनेक गावांतली माणसं आणि जनावरं पाणी चढायच्या आधीच हलली होती. आधीच्या पुराने शिकवलं होतं. जी माणसं पाणी यायच्या आधी चालत बाहेर पडली, त्यांच्यासाठी होडी सोडावीच लागली नाही. सगळ्यात सुरक्षित होडी ती, जी ट्रेलरवरच राहिली.

पण एखादी तरी लागणारच. म्हणून नदीकाठच्या गावात होडी असेल तर तिचं काम मे महिन्याचं आहे. इंजिन सुरू करून बघायचं, जॅकेट्स मोजायची, आत मोठ्या अक्षरात आकडा रंगवायचा: इतकीच माणसं. गावातल्या चार पोरांना एकदा तळ्यात किंवा बंधाऱ्याच्या शांत पाण्यात ती उतरवायला लावायची. बूच कुठंय ते हाताला कळलं पाहिजे. हे करायला निधीपेक्षा एक रविवार जास्त लागतो.

तुमच्यापैकी बरेच जण पुण्या-मुंबईत, पण गाव वारणेकाठी, कृष्णेकाठी असेल. यंदा उन्हाळ्यात गेलात की आंबे खाऊन झाल्यावर एकदा विचारा, आपल्या गावची होडी कुठे आहे आणि तिचं बूच कुणाकडे आहे. उत्तर लगेच मिळालं तर फार चांगलं. नाही मिळालं तर पावसाळ्याला अजून वेळ आहे.

असो. भेटू पुढच्या विकांताला.