बालवाडीत पुरुष संशोधक आला की काय होतं?

भारतात अंगणवाडी सेविका आणि मदतनीस ही दोन्ही पदं महिलांसाठीच आहेत. ओईसीडी देशांतही पूर्वप्राथमिक शिक्षकांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक महिला आहेत. अशा वर्गात एखादा पुरुष वही-पेन घेऊन काही महिने बसला, तर त्याच्याकडे कसं पाहिलं जातं?

मुलांचा दादा की सर?

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ विल्यम कोर्सारो यांनी १९७०च्या दशकात बर्कलीतल्या बालशाळेत मुलांच्या मैत्रीचा अभ्यास केला. मोठी माणसं सहसा मुलांना प्रश्न विचारतात किंवा त्यांची भांडणं सोडवतात. कोर्सारो मात्र मुलांच्या खेळाच्या जागी जाऊन नुसते बसायचे आणि मुलांनी बोलावण्याची वाट पाहायचे. हळूहळू मुलांनी त्यांना खेळात घेतलं आणि त्यांचं नाव पडलं 'बिग बिल'. पुढे इटलीत त्यांच्या मोडक्यातोडक्या इटालियन भाषेचा फायदाच झाला. मुलं हसत त्यांच्या चुका सुधारायची, म्हणजे शिकवणारी मुलं आणि शिकणारे संशोधक!

सेविकांशी नातं कसं असतं?

खरी कसोटी इथे लागते. वही घेऊन आलेला पुरुष तपासणीला आलेला 'साहेब' वाटू शकतो. मग खुर्ची पुढे येते, रजिस्टरं काढली जातात, मुलांकडून गाणी म्हणवून घेतली जातात. साहजिकच त्या दिवशी नोंदवलेलं चित्र रोजचं नसतं. म्हणून आपण काय आणि कशासाठी लिहितोय, हे आधी सांगणं आणि सेविकांच्या अनुभवाकडे शिकण्याच्या नजरेने पाहणं गरजेचं असतं.

संशयाचं काय?

पालकांची काळजी रास्त आहे. मुलासोबत बंद खोलीत एकटं न थांबणं, शौचालयाची मदत कर्मचाऱ्यांवर सोडणं, संमतीशिवाय फोटो न काढणं, हे साधे नियम आहेत. ते स्त्री-पुरुष सगळ्याच संशोधकांना सारखे लागू केले, तर मूल सुरक्षित राहतं आणि कुणावर विनाकारण ठपकाही बसत नाही.

पुरुष इथे नवे आहेत का?

अजिबात नाही. किंडरगार्टनची कल्पना मांडणारे फ्रीड्रिख फ्रोबेल पुरुषच होते. वकिली सोडून बालशिक्षणाकडे वळलेल्या गिजुभाई बधेका यांनी १९२०मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केलं. गुजरातीत त्यांना 'मूछाळी मा', म्हणजे मिशीवाली आई म्हणतात. ताराबाई मोडक यांनी त्यांच्यासोबतच काम केलं होतं.

मग मुद्दा काय?

लहान मुलांना सांभाळणं म्हणजे 'बायकांचं काम' हा समज पक्का झाला की त्या कामाची किंमतही कमी धरली जाते. अंगणवाडी सेविकांना आजही वेतन नाही, मानधन मिळतं. पुरुष संशोधक आल्याने हे आपोआप बदलणार नाही. पण तिथे बसून त्याने या कामातलं कौशल्य नीट नोंदवलं, तर 'त्यात काय एवढं?' या प्रश्नाला उत्तर नक्की मिळेल.