साखरेच्या आड दडलेलें आम्ल



इ. स. १९१७ च्या मे महिन्यांत नाशिक येथें होमरूल लीगचा पहिला वाढदिवस साजरा झाला, आणि त्या प्रसंगीं लोकमान्य टिळकांनीं स्वराज्यावर केलेलें भाषण पुढें सर्वतोमुखीं झालें. टिळकांनीं तेव्हां साठी ओलांडली होती आणि मधुमेह त्यांच्या शरीरांत कित्येक वर्षें ठाण मांडून होता. मंडालेच्या तुरुंगांत आहारांत फेरफार करून त्यांनीं त्याला आवरून धरलें होतें. इन्सुलिन तर जगांतच नव्हतें. तरी हा रोगी ग्रंथ लिहितो, दौरे करतो, सभा गाजवितो! आतां अशी कल्पना करा कीं, त्या सभेच्या गर्दींत बापाच्या खांद्यावर बसलेल्या एखाद्या आठ वर्षांच्या मुलाला त्याच वर्षीं मधुमेह जडला असता. पथ्यानें त्याला वर्षें लाभलीं नसतीं. दोन उन्हाळे दिसले असते तरी पुष्कळ झालें असतें. रोगाचें नांव एकच, मग दैवांत एवढें अंतर कां?

हा एक रोग नसून त्यांत भेद आहेत, ही शंका आपल्याकडे फार जुनी आहे. सुश्रुतानें प्रमेहाचे सहज आणि अपथ्यजन्य असे दोन प्रकार सांगितले. पहिला रोगी कृश, अल्पाहारी आणि तृषार्त, दुसरा स्थूल आणि बहुभोजी. आजचें वर्गीकरण त्यावर जसेंच्या तसें बसविण्याचा मोह आपण टाळावा हें बरें, परंतु रोग्याकडे पाहण्याची ती दृष्टि सूक्ष्म होती ह्यांत शंका नाहीं. ह्या रोगाचा मूत्रांतील गोडपणा मुंग्यांवरून ओळखला गेला. पण मुंग्यांना जें कळलें नाहीं, तेंच मुलांचा प्राण घेणारें होतें.

मधुमेहाच्या पहिल्या प्रकारांत स्वादुपिंड इन्सुलिन देईनासें होतें. रक्तांत साखर तुडुंब असते, परंतु स्नायूंना ती घेतां येत नाहीं. मग शरीर आपली चरबी जाळूं लागतें, आणि तिच्यापासून यकृतांत कीटोन द्रव्यें तयार होतात. त्यांतील दोन आम्लें आहेत आणि तिसरें ॲसिटोन. कडक एकादशी करणाऱ्या निरोगी माणसाच्या रक्तांतहि हीं द्रव्यें थोडीं वाढतात; पण त्याच्या अंगचें थोडेंसें इन्सुलिन त्यांना लगाम घालतें. ह्या मुलांच्या बाबतींत लगामच तुटलेला असतो. आम्ल सांचत जातें, मळमळ, उलटी, पोटदुखी सुरू होते, श्वास खोल आणि जलद चालतो, आणि अखेर शुद्ध हरपते.

ह्या आम्लाचा शोध हप्त्याहप्त्यानें लागला. १८५७ सालीं प्राग येथें पेटर्स ह्यानें मधुमेही रोग्याच्या मूत्रांत ॲसिटोन ओळखलें. १८७४ सालीं कुसमाउल ह्या जर्मन वैद्यानें मरणोन्मुख रोग्यांच्या त्या विलक्षण श्वासाचें वर्णन केलें. फुप्फुसें निर्दोष असतांना रोगी हवेसाठीं आसुसल्यासारखा दीर्घ श्वास घेतो, हें त्याच्या ध्यानीं आलें. तो श्वास म्हणजे आम्ल बाहेर टाकण्याची शरीराची शेवटची धडपड, हें मागाहून कळलें. १८८४ मध्यें त्यांतील मुख्य आम्ल सांपडलें, आणि १९०८ मध्यें रोथेरानें मूत्रपरीक्षेची सोपी रीत दिली. कीटोन असल्यास परीक्षानळींत जांभळें कडें उमटतें. श्वासालाहि एक गोडसर, अति पिकलेल्या फळासारखा वास येतो. द्राक्षांच्या आमच्या नाशकांत तो कोणास खटकेल कीं नाहीं, कोण जाणे!

रोगाची खूण सांपडली, पण उपाय मात्र सांपडला नाहीं. अमेरिकेंत डॉ. ॲलन ह्यांनीं रोग्यांना जवळ जवळ उपाशी ठेवण्याची पद्धति काढली. त्या योगें मुलें कांहीं महिने अधिक जगत. अस्थिपंजर होऊन जगत. आईबापांनीं अन्नाचें कपाट कुलुपांत ठेवावें आणि मुलानें भुकेनें मरावें कीं आम्लानें, एवढीच निवड उरली होती.

ह्या स्थितींत टोरोंटो येथील रुग्णालयांत लेनर्ड थॉम्प्सन नांवाचा चौदा वर्षांचा मुलगा दाखल झाला. वजन अवघें ६५ पौंड. ११ जानेवारी १९२२ रोजीं त्याला बँटिंग आणि बेस्ट ह्यांनीं तयार केलेला स्वादुपिंडाचा अर्क टोंचला. रक्तांतील साखर ४४० वरून ३२० मिलिग्रॅमवर आली. ही उतरण पाहून कोणीहि हर्षभरित झाला असता. पण मूत्रांतील कीटोन द्रव्यें जशींच्या तशीं होतीं, आणि टोंचल्या जागीं गळूं झालें. प्रयोग थांबविण्यांत आला. मग कॉलिप ह्या रसायनज्ञानें रात्रंदिवस खपून तो अर्क शुद्ध केला आणि २३ जानेवारीस पुन्हां सुई टोंचली. ह्या खेपेस साखर ५२० वरून १२० वर आली, मूत्रांतून दिवसाकांठीं जाणारी साखर ७१ ग्रॅमवरून ९ ग्रॅमच्या आंत आली. आणि कीटोन नाहींसे झाले. माझ्या मतें इन्सुलिनचा खरा जन्मदिवस हाच. साखर पहिल्या अर्कानेंहि थोडी हलली होती. आम्ल हललें तें ह्या दुसऱ्यानें. लेनर्ड पुढें तेरा वर्षें जगला आणि १९३५ मध्यें न्यूमोनियानें वारला.

इन्सुलिन मिळालें, तरी आम्लाचें भय संपलें नाहीं. ह्याला कारण औषधाची उणीव एवढेंच नव्हे, तर आपला एक घरगुती तर्कहि आहे. मुलाला ताप आला, उलट्या झाल्या, अन्न पोटांत ठरेना. आई म्हणते, ‘‘आज पोटांत कांहींच नाहीं, मग सुई कशाला? साखर उतरेल ना!’’ हा तर्क इतका सरळ आहे कीं सुशिक्षित घरांतहि तो सहज पटतो. वस्तुतः आजारांत शरीराची इन्सुलिनची गरज बहुधा वाढते; आणि अन्न नसतांना तर चरबी जळण्यास मोकळें रानच मिळतें. पोटाच्या विकारावर औषध देत दोन दिवस काढावे, आणि तिसऱ्या दिवशीं कळावें कीं ती उलटीच आम्लाची होती, असें पुष्कळदां घडतें. म्हणून मूळचें दीर्घकाळ चालणारें इन्सुलिन आजारांतहि बंद करावयाचें नसतें.

अशा वेळीं करावयाचें काय? साखर २५० च्या वर राहिली, किंवा मूल आजारी पडलें, कीं कीटोन तपासावे. पूर्वीं ह्यासाठीं नळी, नवसागराचा वास आणि प्रयोगशाळा लागे. आतां मूत्राच्या पट्ट्या आणि बोटांतील थेंबावर चालणारें यंत्र घरींच असतें. रक्तांतील आंकडा ०.६ मिलिमोलच्या खालीं असणें ठीक. त्यापुढें १.५ पर्यंत असल्यास पाणी भरपूर पाजावें, डॉक्टरांनीं आधींच लिहून दिलेल्या प्रमाणांत जलद काम करणारें जादा इन्सुलिन द्यावें आणि दोन तासांनीं पुन्हां तपासावें. दीडच्या वर डॉक्टरांना त्याच घटकेस कळवावें. तीन आणि त्यावर, किंवा उलट्या थांबत नसतील, श्वास खोल चालूं लागला असेल, गुंगी येत असेल, तर आंकड्याची वाट न पाहतां रुग्णालय गांठावें. कीटोन वाढले असतां व्यायाम करवूं नये. साखर फारशी वाढलेली नसूनहि कीटोन चढूं शकतात. तेव्हां डॉक्टरांच्या सल्ल्यानें साखरेचें पाणी आणि इन्सुलिन दोन्ही द्यावीं लागतात.

मूत्राच्या पट्टीविषयीं एक गोष्ट घरोघर ठाऊक असावी. ती मुख्य आम्ल ओळखीतच नाहीं, त्याच्या भावंडास ओळखते. त्यामुळें आरंभीं ती कमी बोलते, आणि उपचारानें रोगी सुधारत असतां कांहीं काळ अधिक गडद होऊन घरच्यांना उगाच घाबरविते. रक्ताची तपासणी ह्या बाबतींत अधिक भरंवशाची.

रुग्णालयांतील उपचारहि पालटले. आरंभींच्या काळांत शेंकडों युनिट इन्सुलिन देत. १९७० नंतरच्या दशकांत थोडें थोडें, सतत देण्याची रीत रूढ झाली, आणि सलाइन व पोटॅशियम ह्यांचें महत्त्व ठसलें. आमच्या मुंबईंत १९५५ सालीं डायबेटिक असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था निघाली.

उन्हाळ्याची गोष्ट निराळी. चैत्रांत वणीच्या सप्तशृंगी गडाकडे पायीं निघालेल्या मंडळींच्या पिशवींत इन्सुलिनची बाटली उन्हांत तापली, तर औषध निकामी होतें, आणि मात्रा चुकली नसूनहि कीटोन वाढतात. घरीं शीतपेटी नसल्यास ओल्या वाळूंत ठेवलेल्या मातीच्या मडक्यांत बाटली राखावी. प्रवासांत ती ओल्या फडक्यांत, पण पाणी न लागेल अशी गुंडाळावी. तिच्यावर उघडल्याची तारीख घालावी. आणि रात्रीं-अपरात्रीं मूल घेऊन रुग्णालयाच्या दारांत उभें राहण्याची वेळ आलीच, तर ‘‘उलट्या होत आहेत’’ हें नंतर सांगावें. आधीं सांगावें कीं ह्याला पहिल्या प्रकारचा मधुमेह आहे, शेवटचें इन्सुलिन अमुक वेळीं दिलें, आणि कीटोनचा आंकडा अमुक होता.