तोंड-घशाच्या कॅन्सरचे रेडिएशन संपल्यानंतर होणारे त्रास

सहा-सात आठवड्यांचे ‘शेक’ संपले की घरच्यांना वाटते, आता रोज थोडे थोडे बरे वाटेल. प्रत्यक्षात शेवटच्या शेकानंतरचे एक-दोन आठवडे बहुधा सर्वांत जड जातात, कारण उपचार थांबल्यावरही किरणांचा परिणाम काही दिवस वाढत राहतो. तोंड जास्त सोलवटले म्हणजे आजार उलटला, असे लगेच समजू नका. या जखमा साधारण चार ते सहा आठवड्यांत भरून येतात.

तोवर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खाण्याचा सोडा घालून दर दोन-तीन तासांनी गुळण्या करा. पाणी रोज ताजे बनवा. अल्कोहोल असलेले माउथवॉश आणि तुरटी नको. गिळताना दुखत असेल तर डॉक्टरांनी दिलेले वेदनाशामक जेवणाच्या अर्धा तास आधी घ्या. दुखणे सोसत उपाशी राहिल्याने जखमा लवकर भरत नाहीत. मऊ खिचडी-तूप, मुगाचे वरण, नाचणीची खीर, अंडे असे कोमट आणि बिनतिखट खा. दर आठवड्याला वजन करा. ते सतत उतरत असेल तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

मानेची काळवंडलेली त्वचा कोमट पाण्याने धुऊन हलकेच टिपा. हळद-चंदनाचे लेप लावू नका.

चव काही महिन्यांत हळूहळू परतते. कोरडे तोंड मात्र अनेकांना वर्षानुवर्षे, काहींना कायमचे राहते. पाण्याची बाटली जवळ ठेवा, पोळी वरणात भिजवून खा, बिनसाखरेचे च्युइंगम चघळून पाहा.

लाळ कमी म्हणजे दात लवकर किडणार. फ्लोराइडची पेस्ट वापरा, दातांची नियमित तपासणी करा. आणि एक गोष्ट अजिबात विसरू नका: रेडिएशन झाल्याचे सांगितल्याशिवाय दात काढू देऊ नका. किरणांमुळे जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो, दात काढलेली जागा भरत नाही आणि हाड मरू शकते. हा धोका दहा वर्षांनीही असतो. आपल्याकडे दात दुखला की कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जाऊन काढून टाकतात, म्हणून मुद्दाम सांगतो.

तोंड उघडून आपलीच तीन बोटे उभी आत जातात का, हे अधूनमधून पाहा. जबडा आखडत चालला असेल तर फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम दिवसातून अनेकदा करावे लागतात. एकदा घट्ट आखडला की सोडवणे फार कठीण.

मानेला शेक दिले असतील तर दर सहा ते बारा महिन्यांनी टीएसएच तपासा. थकवा, बद्धकोष्ठता, थंडी वाजणे याला ‘कॅन्सरची अशक्तता’ म्हणून सोडून देऊ नका. थायरॉइड मंदावलेली असू शकते आणि गोळीने ते सुधारते.

मिश्री, तंबाखू, सुपारी पूर्ण बंद. ‘नुसती दात घासायला’सुद्धा नको.

घरच्यांसाठी एक: बाहेरून मशीनने दिलेल्या किरणांमुळे रुग्णाच्या अंगात किरणे राहत नाहीत. नातवंडांना खुशाल जवळ घेऊ द्या.

तोंडातून रक्त येणे, श्वास घेताना आवाज होणे, पाणीही न उतरणे किंवा 100.4 अंश फॅरेनहाइट अथवा त्याहून जास्त ताप असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. पाणी पिताना दर वेळी ठसका लागत असेल, दोन महिन्यांनंतरही जखम भरली नसेल किंवा मानेत नवी गाठ लागली, तर त्याच आठवड्यात तुमच्या कॅन्सरतज्ज्ञांना दाखवा.