चांदनी चौक पादचारी पुनर्रचना

जुन्या दिल्लीतील चांदनी चौक या मोगलकालीन बाजारपेठेच्या मुख्य रस्त्याची, त्याचे ऐतिहासिक स्वरूप राखून, पायी चालणाऱ्यांसाठी केलेली पुनर्रचना.

शाहजहानची कन्या जहाँआरा हिच्या आराखड्यानुसार 1650 च्या सुमारास हा बाजार उभारला गेला. लाल किल्ल्याच्या लाहोरी दरवाजासमोरून फतेहपुरी मशिदीकडे जाणाऱ्या या रस्त्याच्या मध्यातून कालवा वाहत असे (पहा : शाहजहानाबाद, लाल किल्ला). ब्रिटिश काळात कालवा बुजवला गेला व पुढे ट्राम धावू लागली. नंतर मोटारी, हातगाड्या, सायकलरिक्षा आणि लोंबत्या विजेच्या तारा यांनी रस्ता व्यापला; पादचाऱ्याला जागा उरली नाही.

पुनर्रचनेचे काम 2018 च्या अखेरीस सुरू होऊन सप्टेंबर 2021 मध्ये रस्ता खुला झाला. सुमारे 1.3 किमी. लांबीवर लाल दगडी फरसबंदी, रुंद पदपथ व बसण्याचे दगडी बाक करण्यात आले. रस्त्यावरील तारा भूमिगत केल्या. रोहित्रे मात्र मधल्या पट्ट्यातच राहिली. सकाळी 9 ते रात्री 9 मोटारवाहनांना बंदी असून सायकलरिक्षांना मुभा आहे. घाऊक मालाची ने-आण त्यामुळे रात्रीवर गेली.

जैन लाल मंदिर, शीशगंज गुरुद्वारा, सुनहरी मशीद व फतेहपुरी मशीद ही स्थळे एका सलग पायवाटेने जोडली गेली, हे या कामाचे महत्त्व. मात्र हे काम मुख्यत्वे रस्त्यापुरतेच होते; दोन्ही बाजूंच्या हवेल्या व दुकानांच्या दर्शनी भागांचे जतन हा वेगळा व अपुरा राहिलेला विषय आहे (पहा : वारसा-संवर्धन, हवेली).